जुनें यंत्र आणि आपला कान

मौल्यवान वस्तु जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. जुनें तें सोनें, असें एक पक्ष म्हणतो. नवें निघालें कीं जुनें बाद, असें दुसरा. एके काळीं भारी किंमत देऊन घेतलेला सीडी-प्लेअर आजच्या यंत्रापुढें टिकतो काय, हा संगीतप्रेमी मंडळींतील वाद याच जातीचा. वरवर पाहतां हा हौसेचा प्रश्न दिसतो. परंतु वस्तूचें मूल्य ठरवितांना आपण स्वतःशीं कितपत खरें बोलतों, हा नीतीचा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. १९८२ च्या ऑक्टोबरांत सोनीचा सीडीपी-१०१ जपानांत विक्रीस आला. तबकडीची जी भाषा तेव्हां होती तीच आजही आहे: प्रत्येक बाजूस दर सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि प्रत्येक नमुना ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर. यांत सुमारें २२,००० कंपनांपर्यंतचा नाद मावतो. मनुष्याच्या कानाची धांव २०,००० च्या आसपास संपते, आणि वयाबरोबर ती आंखूड होत जाते. तेव्हां यंत्र कितीही नवें असलें, तरी तबकडींत नसलेला सूर तें कोठून आणणार?

पहिलीं यंत्रें निर्दोष होतीं असें मात्र नाहीं. सीडीपी-१०१ मध्यें अंकांचा नाद करणारा रूपांतरक एकच होता. डाव्या-उजव्या बाजूंचें काम तो आळीपाळीनें करी. फिलिप्सच्या आरंभींच्या यंत्रांत सोळा बिटांऐवजीं चौदा बिटांचा रूपांतरक असे, व ती उणीव नमुन्यांची संख्या चौपट करून युक्तीनें भरून काढलेली असे. पुढें थोड्याच वर्षांत या अडचणी दूर झाल्या. त्यानंतरच्या चांगल्या यंत्रांत जी सुधारणा झाली, ती बहुतांशीं मोजमापाच्या उपकरणास दिसणारी आहे.

२००७ सालीं मेयर व मोरॅन यांनीं ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. अधिक सूक्ष्म मुद्रणाच्या वाटेंत सीडीच्या प्रमाणाचा टप्पा घालावयाचा, आणि तो केव्हां घातला हें श्रोत्यांनीं ओळखावयाचें. ५५४ वेळांपैकीं २७६ वेळां उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनही इतकेंच साधलें असतें. हा प्रयोग यंत्रांच्या वयाचा नव्हे. पण आपल्या कानावर आपण केवढा भार टाकतों, हें त्यावरून कळतें.

मग फरक ऐकूं येतो असें शपथेवर सांगणारे खोटे बोलतात काय? मुळींच नाहीं. त्यांना तो ऐकूं येतो. परंतु ऐकण्यांत किंमत, रूप व अपेक्षा यांचाही वांटा असतो. आवाज किंचित् मोठा असला तरी तोच आपणांस अधिक सुरेल वाटतो. आणि या मोहांतून जुन्याचा अभिमानीही सुटत नाहीं. त्याला आपल्या यंत्रांत जो गोडवा भासतो, त्यांत स्मृतीचा अंश किती हें त्यानें तपासलेलें नसतें. दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करून व मध्यें पडदा धरून ऐकणें, हाच दोघांस एकच उपाय.

यावर कोणी म्हणेल, भ्रमानें का होईना, आनंद होतो ना? मग चौकशी कशाला? आनंद खराच, त्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्या भ्रमाच्या जोरावर आपण दुसऱ्यास खर्चांत पाडतों, आणि चालतें यंत्र अडगळींत टाकतों. शिवाय तानपुऱ्याच्या झंकाराकडे लक्ष द्यावयाचें, तें यंत्राच्या खुणा शोधण्यांत जातें. ही हानि लहान नव्हे.

जुन्या यंत्रास म्हातारपण येतें, पण तें निराळ्या ठिकाणीं. लेसर क्षीण होतो, रबरी पट्टा सैल पडतो, विद्युत्-संग्राहक सुकतात. आणि कित्येक यंत्रांचे सुटे भाग आतां बनत नाहींत. म्हणून बदलाचा विचार करतांना प्रश्न असा विचारावा: हें तबकडी नीट वाचतें काय, आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा मिळेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर तें यंत्र खुशाल ठेवावें. नसेल तर नवें घ्यावें, पण गरज म्हणून घ्यावें. आपला कान इतरांहून तीक्ष्ण आहे अशी बतावणी त्यासाठीं करण्याचें कारण नाहीं.