जिमच्या प्रश्नाचे काय?

'पठाण' २५ जानेवारी २०२३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा 'झीरो'नंतर चार वर्षे शाहरुख खान नायक म्हणून पडद्यावर आला नव्हता. दिग्दर्शक सिद्धार्थ आनंद यांनी ही अनुपस्थितीच कथेत मुरवली. नायक जखमी होऊन बाजूला पडलेला आहे, आणि परततो तो आपल्यासारख्याच निकामी ठरवलेल्या हेरांचे पथक उभे करण्यासाठी. नटाची आणि पात्राची कहाणी अशी एकमेकींत मिसळली की पटकथेला वेगळी भावना पेरावी लागत नाही. प्रेक्षक ती सोबत घेऊनच आलेला असतो. रशियातल्या रेल्वेत सलमान खानचा टायगर मदतीला येतो, तेव्हाही त्याची ओळख करून देण्यात एक मिनिट खर्ची पडत नाही. ताऱ्यांची गर्दी हा हेरपटाचा दोष मानण्याची टीकेत सवय आहे. मला ती त्याची खरी ताकद वाटते. शिवाय ताऱ्याच्या लोकप्रियतेच्या बळावर काही धाडसेही करता येतात. आयएसआयची हेर रुबिना इथे नायिका आहे आणि नायकाला आपले मानणारे घर अफगाणिस्तानात आहे. नवख्या नटाला घेऊन हे मांडायला मोठे निर्माते सहसा धजावले नसते.

पण याच ताकदीपाशी चित्रपट अडखळतो. जॉन अब्राहमचा जिम हा एकेकाळचा भारतीय हेर. सोमाली चाच्यांनी त्याच्या गरोदर पत्नीला ओलीस धरले, सरकारने खंडणी नाकारली आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली. त्यानंतर तो विकाऊ दहशतवादी होतो, देवीच्या विषाणूपासून केलेले 'रक्तबीज' हाती घेतो, आणि इथवर त्याचे समर्थन कोणी करू शकत नाही. तरी त्याचा मूळ प्रश्न खरा आहे: जो सर्वस्व देतो, त्याचे राज्यसंस्था काय देणे लागते? पठाण त्यावर सांगतो की सैनिक देशाने काय दिले हे विचारत नाही, आपण काय देऊ शकतो हे विचारतो. केनेडींच्या १९६१च्या भाषणाचा हा प्रतिध्वनी टाळ्या घेतो, पण पत्नी गमावलेल्या माणसाला ते उत्तर नव्हे. ती खंडणी नाकारणे योग्य होते, असे ठामपणे म्हणणारे पात्रही चित्रपटात हवे होते. राज्यसंस्थेची बाजूही लंगडी नाही. दोन्ही बाजू समोरासमोर येण्याआधीच हाणामारी सुरू होते, कारण ताऱ्याला युक्तिवादात निरुत्तर झालेले दाखवणे परवडत नाही.

यावर म्हटले जाईल की मसालापटाकडे नैतिक चर्चा मागणे हा रसिकतेचाच अभाव आहे. बर्फावरून सुसाटणाऱ्या मोटारसायकली आणि हवेतल्या मारामाऱ्या पाहायला आलेल्या माणसाला तत्त्वज्ञान कशाला? वास्तवाची मागणी मीही करत नाही. गुरुत्वाकर्षण खुशाल रजेवर जावे. मात्र जिमचा प्रश्न समीक्षकाने बाहेरून आणलेला नाही, चित्रपटानेच विचारलेला आहे. खलनायकाला वजन यावे म्हणून त्याची जखम वापरायची आणि काम झाल्यावर तिच्याकडे पाठ फिरवायची, हा व्यवहार मला खटकतो. मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८) याच प्रश्नापाशी थांबतो. तिथेही आलिया भट्टसारखी तारका होती. ज्यांच्यासाठी तिने साकारलेल्या हेर सहमतने सगळे पणाला लावले तेच तिलाही संपवायला तयार होते, हे तिला उमगते आणि ती आपल्या वरिष्ठांसमोर कोसळते, घरी जायचे म्हणते. 'राझी' वेगळ्या जातीचा, संथ चित्रपट आहे, हा आक्षेप मान्य. पण त्या प्रसंगाला ना विमान लागले, ना परदेशी चित्रीकरण; एक खोली आणि बोलणारी माणसे पुरली. 'पठाण'मध्ये आशुतोष राणांचा कर्नल लुथरा आहे, डिंपल कपाडियांची नंदिनी आहे. यंत्रणेचा निर्णय काय किंमत मागतो हे ठाऊक असलेली ही दोन माणसे जिमसमोर बसवून पाच मिनिटे बोलू दिली असती, तर शेवटच्या झुंजीत पठाण जिंकावा असे वाटतानाच जिमसाठीही जीव तुटला असता.