उतारशाळेच्या मालकाचा हिशेब



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात आम्ही बहुधा त्या शोमरोन्याविषयीच बोलतो. पण संत लूकच्या शुभवर्तमानातील ह्या दाखल्यात आणखी एक माणूस आहे आणि त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शोमरोन्याने त्याच्या हातावर दोन दिनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, ठेवली, जखमी माणसाला त्याच्यावर सोपवले आणि जास्त खर्च आला तर परतताना फेडण्याचा शब्द दिला. दुसऱ्याच्या पैशातून तिसऱ्याची शुश्रूषा करायची, असे त्या मालकाचे काम होते. आपण स्वतःला शोमरोनी समजतो. खरे पाहता ख्रिस्ती दवाखाने चालवणारे आपण बहुतेक वेळा ह्या मालकाच्याच जागी असतो.

हा विषय आज काढण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. आपल्या सिस्टरांच्या दवाखान्यासाठी अनुदानाचा अर्ज करायचे ठरत आहे. पालकीय मंडळाच्या बैठकीत त्यावर दोन मते पडली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "देवाच्या कामासाठी कंपन्यांपुढे हात कशाला पसरायचा?" दुसरे म्हणाले, "पैसा कुठूनही येवो, औषध तर गरिबालाच मिळते ना?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या मतदानाने सुटणारा नाही.

हात पसरण्यात कमीपणा आहे, असे आम्हांला वाटत नाही. आपल्या खानदेशातच पाहा. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय प्रॉटेस्टंट मिशनने १९४२ साली सुरू केले. आदिवासी रुग्णांच्या फीवर असे रुग्णालय कधीच उभे राहिले नसते. पुढच्याच वर्षी, १९४३ साली, डॉक्टर असलेल्या ऑस्ट्रेलियन धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी १९५८ साली मिझेरिओर ही संस्था सुरू केली. तिथल्या साध्या कुटुंबांनी प्रायश्चित्तकाळात बाजूला काढलेले पैसे ह्या संस्थेमार्फत जगभरातील गरिबांपर्यंत पोहोचले. मागणे आणि देणे ही ख्रिस्तसभेची जुनीच रीत आहे. संत पौलाने तर यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी गावोगावच्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली होती. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो मासेदोनियातील लोकांचे कौतुक करतो, कारण ते स्वतः गरिबीत असूनही त्यांनी दिले. त्याच पत्रात तो सांगतो की, पैसे पोहोचवायला त्याने तीताबरोबर मंडळ्यांची विश्वासू माणसे पाठवली आहेत. व्यवहार देवापुढे स्वच्छ असावा, तसाच माणसांपुढेही स्वच्छ दिसावा, असा त्याचा आग्रह होता.

आज हिशेबाची ही जबाबदारी कायद्यानेही येते. परदेशी मदत घ्यायची तर परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही मदत दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेतील खात्यात घ्यावी लागते, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि एका संस्थेला आलेली मदत दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ह्या शेवटच्या नियमामुळे मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या लहान दवाखान्यांची वाट अरुंद झाली. २०२१ च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले गेले. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ती नोंदणी परत मिळाली. दुसरी वाट देशातील कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. आपल्या डाव्या हाताला उजव्याचे दान कळू नये, असे प्रभू येशू सांगतो, मग हे कागद कशाला, असे कोणी विचारेल. प्रभूने ते देणाऱ्याला सांगितले आहे, त्याने गाजावाजा करू नये म्हणून. कारभाऱ्याकडून मात्र तोच प्रभू हिशेब मागतो.

तेव्हा मागावे की नाही, हा खरा प्रश्न नाही. मागताना आपण काय विकून बसतो, हा खरा प्रश्न आहे. इथे तीन ठिकाणी पाय घसरू शकतो.

पहिले ठिकाण, पैसा कोणाचा? संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात ह्याचा विचार केला. चोरीचा पैसा दान करता येत नाही, तो ज्याचा त्याला परत गेला पाहिजे. पण एखादा धंदा निंद्य असला तरी त्यातून आलेला पैसा कायद्याने त्या माणसाचाच होत असेल, तर त्यातून दान करता येते, असे तो म्हणतो. आम्ही त्यात एक अट घालू. तो पैसा आपले तोंड तर बंद करत नाही ना? महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखूने गालात चट्टे पडलेली माणसे आपल्याला भेटतातच. तंबाखूच्या कंपनीचा पैसा घेऊन त्या माणसांसमोर गप्प बसावे लागणार असेल, तर तो पैसा फार महाग पडला.

दुसरे ठिकाण, गरज कोणाची? सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे, त्यामुळे ते काम चांगलेच आहे. पण पैसे देणाऱ्याला ज्या वर्षी जो आजार महत्त्वाचा वाटतो, त्या वर्षी आपणही तेवढाच आजार पाहू लागलो, तर क्षयाचा रुग्ण आणि पावसाळ्यात साप चावलेला शेतमजूर कोणाच्या दारी जाणार? अर्ज गरजेला धरून लिहावा, गरज अर्जाला धरून लिहू नये.

तिसरे ठिकाण, चेहरा कोणाचा? इथे आमच्याकडूनच चूक झाली, ती कबूल करतो. अर्जाला रुग्णाची कहाणी आणि फोटो जोडायचा होता. शेतमजुरी करणारी एक आजी नातवाला घेऊन आली होती. मुलाचे सांधे दुखत होते, तो खाटेवर कण्हत होता. तसाच फोटो काढा, असे आम्ही सांगून टाकले. आजीने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "मना नातूना फोटू कसाले काढतस, फादर?" आम्ही कारण सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, काढायचा तर पोर बरे झाल्यावर काढा, हसतानाचा काढा. आम्हांला ओशाळे वाटले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांटचा विचार आम्ही सेमिनरीत पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. तो समजला मात्र त्या खाटेजवळ. शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला त्याची कहाणी विचारली नाही, आणि त्याचे नावही आपल्याला आजतागायत ठाऊक नाही.

म्हणून आम्हांला एक साधी कसोटी सुचते. ज्या रुग्णासाठी आपण मागतो, त्याच्या खाटेजवळ बसून तो अर्ज त्याच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवता आला पाहिजे. वाचताना आपली मान खाली गेली, तर ते वाक्य खोडावे. दवाखान्याचे ख्रिस्ती नाव लपवावे, असा सल्लाही आम्हांला मिळाला आहे. त्यालाही हीच कसोटी लावू. दारावरचा क्रूस रुग्ण रोज पाहतो, आणि आत आल्यावर त्याला कोणी धर्म विचारत नाही, हेही तो जाणतो. जे त्याला ठाऊक आहे ते पैसे देणाऱ्यापासून कशाला लपवायचे?

ह्या कसोटीमुळे कदाचित काही अनुदाने हातची जातील. तेव्हा मासेदोनियाच्या मंडळीची आठवण ठेवू. दुसऱ्यापुढे हात पसरण्याआधी आपला हात आपल्या खिशात गेला पाहिजे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर अर्जाचा मसुदा सर्वांसमोर वाचला जाईल. दवाखान्यासाठी वेगळी दानपेटीही त्या दिवसापासून ठेवली जाईल. दोन दिवसांची मजुरी ज्याला शक्य आहे त्याने द्यावी. ज्याला शक्य नाही त्याने मसुदा ऐकायला यावे आणि खटकेल ते वाक्य निःसंकोच सांगावे.

शोमरोनी परत येणार आहे, असा दाखल्यातील शब्द आहे. तो आला म्हणजे आपल्या वहीबरोबरच त्या जखमी माणसाकडेही पाहील. दोन्ही नीट असू द्या, अशी प्रभूचरणी प्रार्थना.

आपला ख्रिस्तसेवक,
प्रमुख धर्मगुरू