प्राचीन काव्याचा न्याय कोणत्या डोळ्यांनी करावा?

जुन्या काळच्या लोकांच्या वागणुकीस आजचे माप लावावे की नाही, हा प्रश्न पुष्कळदा निघतो. कोणी म्हणतो, "त्या काळी तशीच रीत होती, दोष देणारे आपण कोण?" दुसरा म्हणतो, "ज्या ग्रंथात असा अन्याय आहे, तो हवाच कशाला?" ह्या दोन्ही उत्तरांनी विचाराचे श्रम वाचतात, परंतु सत्य हाती लागत नाही. एक उदाहरण घेऊन पाहू.

'ओडिसी' हे ग्रीक भाषेतील महाकाव्य होय. आपला नवा करार ज्या भाषेत लिहिला गेला, तिच्याच कितीतरी जुन्या रूपात ते रचलेले आहे. बहुतेक विद्वान त्याचा काळ ख्रिस्तापूर्वी आठव्या किंवा सातव्या शतकात धरतात, आणि कर्ता म्हणून होमर कवीचे नाव परंपरेने चालत आले आहे. त्याचे २४ सर्ग असून ओळी १२,००० हून अधिक आहेत. कथा अशी की, इथाका बेटाचा राजा ओडिसियस दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात व दहा वर्षे परतीच्या वाटेवर घालवून भिकाऱ्याच्या वेषाने घरी येतो. इकडे तो मेला असे समजून १०८ तरुण सरदार त्याची पत्नी पेनेलोपी हिला मागणी घालीत त्याच्याच वाड्यात खातपीत बसलेले असतात. राजा त्या सर्वांस ठार करतो.

येथपर्यंत ऐकणाऱ्यास समाधान वाटते. परंतु बाविसाव्या सर्गात पुढे काय होते ते पाहा. वाड्यातील पन्नास दासींपैकी बारा जणी निर्लज्ज निघाल्या, असे म्हातारी दाई राजास सांगते. राजा त्या बारा जणींकडून प्रेते बाहेर काढवितो, रक्ताने माखलेली मेजे व आसने धुववून घेतो, आणि मग त्यांस तलवारीने मारण्याची आज्ञा देतो. राजपुत्र टेलेमाखस म्हणतो की, इतके स्वच्छ मरण ह्यांस नको. ह्यांनी आमची निंदा केली व त्या सरदारांपाशी निजल्या. मग तो गलबताचा दोर बांधून त्यांस एका ओळीने फाशी देतो.

ह्यांतील काहींची वागणूक खरोखरच वाईट होती. मेलान्थो नावाच्या दासीस पेनेलोपीने लेकीसारखे वाढविले होते, तरी ती सरदारांस मिळाली व भिकारी समजून राजास टाकून बोलली. हे मान्य केले पाहिजे. परंतु दासी म्हणजे विकत घेतलेली किंवा पकडून आणलेली स्त्री. जिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नाही, तिच्या होकारास अपराध कसे म्हणावे? आणि हा प्रश्न केवळ आपल्या काळाचा आहे असेही नव्हे. त्याच सर्गाच्या आरंभी ओडिसियस सरदारांवर जे आरोप ठेवतो, त्यांत हाही आहे की, तुम्ही माझ्या दासींशी जबरदस्तीने निजलात! म्हणजे बळजबरी झाली हे त्यास ठाऊक होते. तरी शिक्षा त्यांसही झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विसाव्या सर्गात वाड्यातील जात्यांवर बारा बाया दळीत असतात. अकरा जणी दळण संपवून निजल्या आहेत. एक अशक्त बाई मात्र अजून दळीतच आहे. ती जाते थांबवून देवाजवळ मागते की, ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे मोडले, त्यांचे हे शेवटचे जेवण ठरो. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जाते ओढले. त्यांस ह्या बाईची ओळख सांगावी लागली नसती. कवीने तिचा आवाज ऐकला. फाशी गेलेल्या दासींनाही तो विसाव्यास निघून फाशात सापडलेल्या पक्ष्यांची उपमा देतो. त्याने त्यांस निर्दोष ठरविले नाही, परंतु त्यांचे मरण झाकलेही नाही.

उलट आधुनिक डोळेही कधी मंद असतात. विसाव्या शतकातील काही इंग्रजी भाषांतरकारांनी टेलेमाखसाच्या तोंडी ह्या बायांस वेश्या म्हणणारे शब्द घातले. मूळ ग्रीकात तेथे केवळ 'त्या' एवढ्याच अर्थाचा साधा शब्द आहे. इ. स. २०१७ साली एमिली विल्सन ह्या विदुषीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. तिने त्या शिव्या गाळल्या आणि गुलामास गुलाम म्हटले. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कवीपेक्षा कालचा भाषांतरकार त्या स्त्रियांविषयी अधिक कठोर झाला, हे आपल्या गर्वास औषध होय.

तात्पर्य, जुना काळ समजून घेणे वेगळे आणि त्याचा अन्याय न्याय मानणे वेगळे. समजून घेतल्याने आपण निर्दय न्यायाधीश होत नाही. अन्यायास अन्याय म्हटल्याने आपण निर्बुद्ध भक्तही होत नाही. असे वाचणाऱ्यास ग्रंथ टाकावा लागत नाही आणि आपली विवेकबुद्धीही टाकावी लागत नाही.

पुढे कधी आपल्या घरांची व गावांची कथा कोणी वाचील. आपण ज्यांच्या श्रमाचे खातो, पण ज्यांची नावे विचारीत नाही, अशी माणसे त्याला तेथे दिसतील. ती आपणांस आज दिसतात काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.