शीघ्रपाठाचा प्रश्न

पाणिनीय शिक्षा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उच्चारशास्त्रावरील छोटेखानी ग्रंथात अधम पाठकांची सहा लक्षणे सांगितली आहेत. त्यांत गाऊन म्हणणारा आहे, मान डोलावणारा आहे, अर्थ न जाणणारा आहे; आणि ‘शीघ्री’, म्हणजे घाईने पठण करणारा, हाही आहे. मुलांना शीघ्र वाचन शिकविण्याविषयी लिहावयास बसलो तेव्हा हा दाखला आठवला आणि आपली बाजू परंपरेनेच लढविली, असे वाटून मी क्षणभर सुखावलो. पण त्याच यादीत ‘लिखितपाठक’ही बसविला आहे. लिहिलेले पाहून वाचणारा प्रत्येक जण, म्हणजे मी आणि या संकलनाचे सर्व वाचक, त्या निकषाने अधमच ठरतात. परंपरेचा आधार घ्यावयाचा तर तो संपूर्ण घ्यावा लागतो, आणि मग तो फारसा आधार उरत नाही.

विषय निघाला तो घरातच. माझा दहा वर्षांचा नातू गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत शीघ्र वाचनाच्या एका वर्गाला जात होता. ओळीखालून बोट सरकवायचे, ओठ हलू द्यायचे नाहीत, मागे वळायचे नाही, अशी तेथली शिस्त. सुटीच्या अखेरीस त्याला प्रमाणपत्र मिळाले आणि त्यावर दर मिनिटाला आठशे शब्द असा वेग नोंदविला होता. त्याच आठवड्यात त्याने एका दुपारी ‘श्यामची आई’ संपविले. मी त्याला काही प्रश्न विचारले आणि त्याने बहुतेक सगळ्यांची अचूक उत्तरे दिली. ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरला, हेही त्याला माहीत होते. मग मी सहज विचारले, “वाचताना कुठे थांबलास का रे?” तो म्हणाला, “आजोबा, थांबायचं नसतं. थांबलं की बोट पुढे जातं आणि आपण मागे राहतो.”

या उत्तरात चूक काही नाही. त्याला जे शिकविले ते त्याने नीट ग्रहण केले होते. पण ज्या पुस्तकाची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने विभागली आहेत, जेथे एक गोष्ट सांगून झाली की दुसरीसाठी उद्याच्या संध्याकाळची वाट पाहावी लागते, ते बेचाळीस रात्रींचे पुस्तक एका दुपारी मिटले, याची हुरहुर मला लागून राहिली. अर्थात साने गुरुजींनी त्यातला बहुतेक भाग 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला, हेही विसरता येत नाही. संथपणा हा स्वतःच एक सद्गुण आहे, असे मानण्यात अर्थ नाही.

या वर्गांचा उगम अमेरिकेतला. युटा राज्यातील एव्हलिन वुड नावाच्या शिक्षिकेने 1959 साली वॉशिंग्टनमध्ये आपल्या वाचनपद्धतीची संस्था काढली. तेथील राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील माणसेही तिचे शिक्षण घेऊ लागली, आणि दर मिनिटाला हजारांनी शब्द वाचण्याचे स्वप्न जगभर विकले जाऊ लागले. पृष्ठावरून बोट वा हात फिरविणे ही मूळ तिचीच युक्ती. तिच्या दाव्यांचे काय झाले हे आता पुरेसे स्पष्ट आहे. डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही. तो उड्या मारतो, प्रत्येक ठिकाणी सुमारे पाव सेकंद ठरतो, आणि त्या वेळी त्याला मोजकीच अक्षरे स्वच्छ दिसतात. संपूर्ण ओळ वा परिच्छेद एका नजरेत गिळणे हे डोळ्याच्या रचनेतच नाही. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016मध्ये या विषयावरील संशोधनाचा जो विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष सरळ आहे : वेग फार वाढविला की आकलन घटते. वाचन खरोखर जलद होते ते शब्दसंग्रह वाढल्याने आणि पुष्कळ वाचल्याने. युक्तीने जे होते ते गाळणे. गाळत वाचणे हेही एक उपयुक्त कसब आहे; वर्तमानपत्र आपण सगळे तसेच वाचतो. मात्र त्याला त्याच्या नावाने ओळखावे.

आणि ‘मिनिटाला शब्द’ हे मापही परके आहे. इंग्रजी मजकूर मनातल्या मनात वाचणारा प्रौढ मनुष्य मिनिटाला सरासरी 240च्या आसपास शब्द वाचतो, असे अलीकडच्या मोजण्या सांगतात. पण मराठीत ‘शेजारणीकडूनसुद्धा’ हा एकच शब्द आहे. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, सगळे एका शिरोरेघेखाली नांदते. शिवाय पहिली वेलांटी डोळ्याला व्यंजनाआधी भेटते आणि कानाला नंतर. अशा लिपीत आणि अशा भाषेत वाचणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावरचा आठशे हा आकडा नेमका कशाचा, हे मला त्या वर्गाच्या संचालकांना विचारावेसे वाटले. विचारले नाही.

आता दुसरी बाजू. शाळेत मूल अडखळत, अक्षर-अक्षर जुळवीत वाचते तेव्हा ते काही सावकाश वाचनाचा आनंद घेत नसते. वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत त्याच्या मनातून वाक्याचा आरंभ निसटलेला असतो. ‘असर’ या नावाने 2005पासून ग्रामीण भागात होत आलेल्या पाहण्या वर्षानुवर्षे हेच दाखवीत आल्या की पाचवीतील निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही. या मुलांना वेग हवा आहे, तो त्यांचा हक्क आहे, आणि पुस्तकांनी भरलेल्या घरात बसून संथ वाचनाचे स्तोत्र गाणाऱ्या माझ्यासारख्याने हे आधी कबूल केले पाहिजे. पण त्यांना जे हवे त्याला मी ओघ म्हणेन. ओघ म्हणजे अक्षरे वाटेतून बाजूला होणे, अर्थाकडे जाण्यास मन मोकळे होणे. शीघ्रपाठाचा वर्ग ज्या मुलांना बोलावतो त्यांच्यापाशी ओघ आधीच असतो. तो तेथे घड्याळाला जुंपला जातो. ज्याला ओघच नाही त्याच्याकडे वर्गाची फी भरण्यासाठी पैसेही बहुधा नसतात.

महाभारताच्या लेखनाची कथा या संदर्भात पुन्हा ऐकण्यासारखी आहे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत ठेवली नाही, तरी लोकमनातून ती गेलेली नाही. लेखणी थांबणार नाही, ही गणपतीची अट. अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांची. मधून मधून व्यास कूटश्लोक घालीत, गणपती विचारात पडे, आणि तेवढ्यात पुढची रचना होई. वेग आणि आकलन यांचा हा करार आहे, आणि त्यात दोघांनाही बोलण्याचा अधिकार आहे. आपल्या मुलांशी आपण केलेल्या करारात दुसरी अट घालणारा कोणी नाही. लेखक अनुपस्थित असतो. आणि मुलाला अट घालता येते हे कोणी सांगितलेले नसते.

येथे कोणी ज्ञानेश्वरीच्या सप्ताहाचे उदाहरण देईल. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत, म्हणजे दिवसाला सुमारे तेराशे. हाही वेगच. परंतु पारायण करणाऱ्याचा ‘ग्रंथ समजला’ असा दावा नसतो. तो पुढच्या वर्षी पुन्हा बसणार असतो, आणि तो ओठांनी वाचतो. ‘वाचणे’ या क्रियापदाच्या मुळाशी ‘वाच्’, म्हणजे वाणी आहे. ओठ हलू न देण्याची शिस्त या शब्दाच्या जन्मालाच नाकारते. पारायणात यांत्रिकता शिरते हे खरे, पण तो वेगळा विषय.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट आकलनाच्या टक्केवारीहून निराळी आहे, आणि ती सांगावयाची तर स्वतःविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पुरस्काराच्या परीक्षक-समितीत मी होतो. महिन्याभरात तीस-चाळीस कादंबऱ्या उरकावयाच्या होत्या. त्यांतील एका कादंबरीवर मी ‘निवेदन विस्कळीत, नायकाचे समर्थन एकांगी’ असा शेरा लिहिला आणि ती मागे पडली. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी ती पुन्हा वाचावी लागली. निवेदक खोटे बोलतो आहे, हे लेखकाने एका वाक्याच्या उत्तरार्धात, एका ‘म्हणे’ या शब्दाने सांगितले होते. माझी नजर त्या ‘म्हणे’वरून निसटली होती. ज्याला मी विस्कळीतपणा म्हणालो तोच त्या कृतीचा विषय होता. लेखक तोवर हयात नव्हता.

त्या महिन्यात मला एकदाही असे वाटले नव्हते की मी वाचत नाही. शेरा लिहिताना माझ्या मनात शंकेचा लवलेश नव्हता. न वाचलेल्या माणसाला आपण वाचले नाही हे ठाऊक असते. घाईने वाचलेल्याला ते ठाऊक नसते. दुसऱ्याचे म्हणणे ऐकले, अशी खात्री बाळगून ते न ऐकणे, हा अन्याय ज्याच्यावर होतो त्याला तक्रारही करता येत नाही. प्रौढपणी माझ्याकडून हे सवयीने आणि व्यवसायाच्या दडपणाने घडले. दहा वर्षांच्या मुलाला ते कौशल्य म्हणून शिकवावे काय, आणि वर प्रमाणपत्र द्यावे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

माझ्या सुनेला मी यातले बरेचसे ऐकविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, परीक्षेत मोठाले उतारे येतात, वेळ संपतो, त्याचं काय करू?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. परीक्षा मी घेत नाही, तिच्या मुलाला ती द्यावयाची आहे. वर्गाच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरावयाची मुदत जवळ आली होती. त्यालाच विचारावे, असे आम्ही ठरविले. तो म्हणाला, जाईन. का, असे विचारता म्हणाला, त्याचा मित्रही येणार आहे, आणि वर्ग सुटल्यावर दोघे तासभर समोरच्या मैदानात खेळतात.