अर्जुनाचे तीन शोक

शोक हा मोहाचा विकार होय, असे शास्त्र सांगते. आणि ते यथार्थ आहे. परंतु हे सत्य कोणास, केव्हा व कोणत्या क्रमाने सांगावे, हेही शास्त्रच शिकविते. ज्या घरातून तरुण पुत्राचा देह नुकताच बाहेर गेला, त्या घरी जाऊन एखादा साधक 'सर्व अनित्य आहे' एवढेच म्हणून परतला, तर तो असत्य बोलला नाही. पण त्याने उपदेशाचा धर्मही पाळला नाही. भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींच्या सान्निध्यात वाढलेला अर्जुन तीन वेळा शोकाने विदीर्ण झालेला दिसतो. त्या तीन शोकांचा क्रमाने विचार केला असता वियोगदुःखाचे स्वरूप आणि त्यावरील उपाय ही दोन्ही स्पष्ट होतात.

पहिला शोक कुरुक्षेत्रावरचा. अद्याप कोणी पडलेले नाही. स्वजनांच्या मृत्यूच्या नुसत्या कल्पनेने अर्जुन खचला आहे. गीतेच्या प्रथम अध्यायात त्याची जी अवस्था वर्णिली आहे ती सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. गात्रे शिथिल होतात, मुखास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, गांडीव हातातून गळते, मन भ्रमू लागते, उभे राहवत नाही. म्हणजे शोक केवळ मनास होत नाही, तो देहासही होतो. शोकग्रस्त मनुष्य जेवत नाही, झोपत नाही, विचारलेल्याचे उत्तर देत नाही. तेव्हा तो हट्ट करीत नसतो, हे सांत्वनास जाणाऱ्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

आता भगवंतांचे वर्तन पाहा. त्या संपूर्ण अध्यायात त्यांचे वाक्य एकच आहे. जमलेल्या कौरवांकडे पाहा, एवढेच ते म्हणतात. त्यानंतर अध्याय संपेपर्यंत अर्जुन बोलतो आणि सर्वज्ञ परमेश्वर ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्यास दोन श्लोकांत कठोर शब्दांनी जागे करतात, हे खरे. परंतु तो निषेध अंतःकरण जाणणाऱ्याने रणभूमीवरील वीरास केलेला आहे. परचित्त न जाणणाऱ्या जीवाने त्याचे अनुकरण करू नये. शिवाय जीवाच्या नित्यत्वाचे निरूपण तेव्हाही सुरू होत नाही. अर्जुन शिष्यभावाने शरण येतो, मार्ग विचारतो, आणि मग स्तब्ध होतो. त्यानंतर अकराव्या श्लोकापासून ज्ञानाचा आरंभ होतो. आधी श्रवण, मग जिज्ञासा, मग उपदेश, असा हा क्रम आहे. जिज्ञासा नसता केलेला उपदेश पालथ्या घड्यावर ओतलेल्या पाण्यासारखा वाया जातो. आणि शोकाच्या पहिल्या दिवसांत मनाचा घडा पालथाच असतो.

येथे सिद्धांताची एक गोष्टही स्पष्ट करणे अगत्याचे आहे. सांत्वन करताना 'हे सारे मिथ्या, कोण कोणाचा?' अशी भाषा सर्वत्र कानी पडते, आणि पंथीयांच्या मुखीही ती सहज येते. परंतु श्रीचक्रधरप्रणीत मतात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आहेत. प्रपंच कार्यरूपाने अनित्य आहे. तो मिथ्या नव्हे. अनित्य म्हणजे जे राहत नाही. मिथ्या म्हणजे जे नव्हतेच. ज्या मातेने नऊ मास गर्भ वाहिला आणि वीस वर्षे मुलाच्या ताटात वाढले, तिला ते नव्हतेच असे सांगणे म्हणजे सिद्धांतही मोडणे आणि अंतःकरणही मोडणे होय. ते होते, ते गेले, आणि ते ज्या रूपाने होते त्या रूपाने पुन्हा येणार नाही. सत्य एवढेच आहे आणि ते पुरेसे कठीण आहे.

दुसरा शोक अभिमन्यूचा. हा प्रसंग युद्धाच्या तेराव्या दिवसाचा आहे. ज्याने अठरा अध्याय साक्षात भगवन्मुखातून ऐकले, विश्वरूप पाहिले आणि आपला मोह नष्ट झाला अशी कबुली दिली, तोच अर्जुन त्या संध्याकाळी शिबिराकडे परतताना वाद्ये का वाजत नाहीत, असे विचारतो. आणि पुत्रवध कळताच एखाद्या अज्ञ पित्याप्रमाणे विलाप करतो. ज्ञान झाले म्हणजे अश्रू आटतात, ही समजूत या एका प्रसंगाने दूर व्हावी. भगवंतांनी त्या वेळी 'गीता ऐकूनही रडतोस काय?' असे त्यास विचारले नाही. त्यांनी त्यास सावरून धरले. पुढे अर्जुनाच्याच विनंतीवरून ते सुभद्रेकडे गेले. सांत्वन केल्यानंतरही ती माता पुन्हा विलाप करू लागली, द्रौपदी व उत्तरा तेथे आल्या, साऱ्याजणी शोकाने मूर्च्छित झाल्या. तेव्हा भगवंतांनी पाणी शिंपडून त्यांस सावध केले आणि पुन्हा धीर दिला. एकदा समजाविले म्हणजे काम झाले, असे त्यांनी मानले नाही.

याच शोकात एक धोकाही दिसतो. दुःख असह्य झाले म्हणजे ते क्रोधाचे रूप घेते. उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध झाला नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी प्रतिज्ञा अर्जुन करून बसला. शोक, क्रोध आणि स्वतःच्या देहाचा नाश ही वाट किती जवळची आहे, ते येथे दिसते. २०२० व २०२१ या वर्षांतील महामारीत कित्येक घरांना आपल्या माणसाचे अंतिम दर्शनही घडले नाही. रुग्णालयात नेलेला माणूस पुन्हा दृष्टीस पडला नाही. कर्जाने वा नापिकीने ज्या घरचा कर्ता पुरुष स्वतःच्या हाताने गेला, त्या घराचे दुःखही असेच न बोलता येणारे असते. 'मी तेव्हा तेथे असतो तर', 'मला आधी कळले असते तर' हे शब्द अशा घरांत वर्षानुवर्षे घुमत राहतात. तेथे दोष शोधू नये. मनुष्य अन्न सोडू लागला, जगण्याचा वीट आल्याचे बोलू लागला, तर त्यास एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे नेण्यात संकोच करू नये. अहिंसा हा ज्या धर्माचा पाया आहे, त्या धर्मात स्वतःच्या देहाचाही घात वर्ज्य आहे. आणि तो टाळण्यास साहाय्य करणे हा दयेचाच आचार आहे.

तिसरा शोक सर्वांत मोठा. श्रीकृष्णचक्रवर्तींनी निजधामास गमन केले आणि अर्जुन द्वारकेहून हस्तिनापुरास परतला. श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधातील पंधराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. तेच धनुष्य, तेच बाण, तोच रथ. पण वाटेत सामान्य गोपांनी त्याचा पराभव केला. धर्मराजाने विचारले असता त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग त्याने हाताने डोळे पुसले आणि तो आठवू लागला. स्वयंवरात, खांडववनात, वनवासात, रणात भगवंतांनी कसे सांभाळले ते त्याने सांगितले. त्यांचे हास्य, थट्टा, 'सख्या' म्हणून हाक मारणे, एकत्र बसणे, एकत्र जेवणे हे सारे त्याने एकेक करून उच्चारले. आणि आश्चर्य असे की, या स्मरणाने चित्त शांत झाल्यावरच रणात ऐकलेले, काळाने झाकलेले ज्ञान त्यास पुन्हा प्राप्त झाले. ज्ञानाने शोक गेला नाही. लीलास्मरणाने चित्त निवळले आणि निवळलेल्या चित्तात ज्ञान परत आले.

हेच पंथाच्या इतिहासात घडले. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजनांवर असन्निधानाचा काळ कोसळला. श्रीनागदेवाचार्यांसह ते ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे तेही सन्निधान अंतरले. परंपरा सांगते की, आचार्य एकांतात बसून स्वामींच्या लीलांचे मनन करीत. ते म्हाइंभटांनी पाहिले, विचारले, आणि त्या लीला लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली. मग ज्याने जी लीला पाहिली त्याच्याकडे जाऊन, ऐकून, आचार्यांकडून पडताळून त्यांनी लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, तेव्हा भक्तांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असेही परंपरा सांगते. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ वियोगात जन्मला, एकदा हरवला आणि स्मरणानेच परत मिळाला. ज्या पंथाचे आदिम वाङ्मय विरहातून आले, त्या पंथाने शोकग्रस्तास 'विसरा' असे सांगावे, हे शोभत नाही.

येथे एक शंका संभवते. परमेश्वराचे स्मरण वेगळे आणि मृत पुत्राचे स्मरण वेगळे; पहिले मोचक, दुसरे बंधक. मग दोहोंची गाठ कशी घालावी? उत्तर असे की, गाठ घालू नये, वाट वळवावी. मातेची आठवण थांबविता येत नाही. तिला दिशा मात्र देता येते. ज्या मुलास बोट धरून ती ऋद्धिपुरास नेत असे, त्याची आठवण तिला त्या स्थानापर्यंत आपोआप नेते. तेथे साधकाने तिचा हात सोडू नये. त्या स्थानी श्रीप्रभूंनी लेकरांमध्ये लेकरू होऊन कशी क्रीडा केली, ते हळूच सांगावे. नाम, लीला, मूर्ती, चेष्टा यांपैकी जे तिच्या मुखी सहज येईल तेच तिला द्यावे. जो पाट वाहतोच आहे त्यास बांध घालून अडविल्यास तो शेत मोडतो. दुसऱ्या वाफ्यात वळविल्यास तो शेत पिकवितो.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. शोकाच्या भरात मनुष्य गेलेल्याचे शब्द ऐकविणाऱ्यांच्या, अंगात येणाऱ्यांच्या आणि देवतांच्या नवसांच्या मागे लागतो. त्यास रागावून नव्हे, पण निश्चयाने परावृत्त करावे. ती फळे देवतांच्या अधिकारातली, म्हणून अनित्य आहेत, आणि त्यांत वियोगाचा अंत नाही. दुसरे, स्मशानातील वैराग्यास वैराग्य समजू नये. पत्नी निवर्तल्याच्या दुसऱ्या मासात लहान लेकरे टाकून अनुसरणास निघालेल्या पुरुषास महंतांनी थांबवावे. दुःखापासून पळून आलेला आश्रमातही दुःखच घेऊन येतो. वर्षभर लेकरे सांभाळीत नामस्मरण करूनही ज्याची ओढ टिकली, त्याची ओढ खरी.

अर्जुनाच्या पहिल्या शोकात भगवंतांनी ऐकले, दुसऱ्यात सावरून धरले, आणि तिसऱ्यात, जेव्हा ते स्वतःच दृष्टीआड होते, तेव्हा आपले स्मरण त्याच्यापाशी ठेवले. शोकघरी जाणाऱ्या भिक्षूने, तपस्विनीने वा वासनिकाने हा क्रम पाळावा. प्रथम बसावे, ऐकावे. पुढील आठवड्यात पुन्हा जावे, आणि इतर सर्वांचे येणे थांबल्यानंतरही जावे. विचारले तर सांगावे. न विचारले तरी, निघताना पंचकृष्णांचे नाम उच्चारून दंडवत करावा.