चौलचा वेढा आणि धर्मयुद्धाचा प्रश्न

1095 मध्ये पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेम मुसलमानांच्या हातून सोडवण्याची हाक दिली आणि 1291 मध्ये इजिप्तच्या ममलूक सुलतानाने अक्का हे ख्रिस्ती सत्तेचे शेवटचे मोठे ठाणे जिंकून घेतले. या दरम्यानच्या ज्या मोहिमांना क्रुसेड म्हणतात, त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही, असे सामान्यतः मानले जाते. हे पूर्णपणे खरे नाही. 1508 मध्ये कोकणातील चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराची गाठ पडली ती याच ममलूक सत्तेच्या गलबतांशी, आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज याची मदत मिळालेल्या त्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पोर्तुगीज शिडांवरचा क्रूस ज्या ‘ख्रिस्ताच्या संघा’चा होता, त्या संघाकडे टेम्पलर या लढवय्या संन्याशांच्या बरखास्त झालेल्या पंथाची पोर्तुगालमधील मालमत्ता आली होती, शिवाय मुसलमान व मूर्तिपूजक यांचे प्रदेश जिंकून त्यांना गुलाम करण्याची मुभा पोपने 1452 मध्येच पोर्तुगालच्या राजाला लेखी दिली होती. शत्रुत्वाची सनद अशी आधीच तयार होऊन या किनाऱ्यावर आली.

परंतु त्या सनदेने लढाईतील बाजू ठरवल्या नाहीत. अहमदनगरच्या निजामशाहीनेच पोर्तुगीजांना चौललगत रेवदंड्यास वखार आणि पुढे किल्ला उभारू दिला होता. 1565 मध्ये विजयनगरचा पाडाव झाल्यानंतर मुर्तझा निजामशहाने चौलला, विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला आणि कालिकतच्या हिंदू झामोरिनने चालियमच्या पोर्तुगीज किल्ल्याला, असे 1570-71 मध्ये संगनमताने वेढे घातले. या ‘इस्लामी’ आघाडीत झामोरिन होता, आणि दोन्ही सुलतान शिया होते, म्हणजे 1571 मध्येच ज्याचे आरमार लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराशी लढले, त्या सुन्नी तुर्की सुलतानाच्या दृष्टीने पाखंडीच. चौलचा वेढा महिनोन् महिने चालूनही फसला. निजामशहाच्या पदरी काही काळ असलेला इतिहासकार फिरिश्ता त्याचे जे कारण देतो, त्याने दोन्हीकडच्या धर्मोपदेशकांची पंचाईत व्हावी: पोर्तुगीजांनी निजामशाही सरदारांना नजराणे, विशेषतः दारू, पाठवून वश केले आणि त्या सरदारांनी वेढ्यात अडकलेल्यांना गुपचूप रसद पोहोचू दिली.

एवढ्यावरून धर्म हे केवळ सोंग होते आणि आतला खरा मामला मिरी, घोडे व जकातीचाच होता, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आधुनिक लेखक तो वारंवार काढतातही. तो अपुरा आहे. नोव्हेंबर 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतला, तो तिमय्या या हिंदू सरदाराच्या साहाय्याने. त्यानंतर चार दिवस शहरात कत्तल चालली, आणि सापडलेल्या एकाही मुसलमानाला जिवंत सोडले नाही, शेतकरी व ब्राह्मण यांना मात्र मारू दिले नाही, असे त्याने स्वतःच राजाला कळवले. मारल्या गेलेल्यांच्या बायका-मुलींना बाप्तिस्मा देऊन त्यांची लग्ने पोर्तुगीज शिपायांशी लावण्यात आली. व्यापाराचा हिशेब शत्रू कोण ते सांगेल. हरलेल्यांपैकी कोणाला जगू द्यायचे याची अशी काटेकोर निवड तो करणार नाही. ती निवड श्रद्धेने केली, आणि म्हणून युद्धाचे धार्मिकपण त्याच्या कारणांपेक्षा पराभूतांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीत शोधणे अधिक योग्य ठरते.

लढाई नसतानाही पोर्तुगीज सत्तेने श्रद्धाळूंपुढे पेच उभे केले. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घ्यावा लागे, आणि हाजींची जहाजेही त्यातून सुटली नव्हती. अकबराच्या दरबारातील मखदूम-उल-मुल्क या धर्मशास्त्र्याने हज सध्या बंधनकारक नाही असा निर्णय दिला, कारण खुश्कीची वाट शियांच्या मुलखातून जाते आणि परवान्यावर मरियम व येशू यांच्या प्रतिमा असल्याने तो बाळगणे म्हणजे मूर्तिपूजेला संमती देणे. निर्णय सोयीचा होता अशी शंका तेव्हाही घेतली गेली. तरी यात्रेकरू परवाना घेऊन जातच राहिले.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरावर टांगलेली घंटा वसईच्या चर्चमधून विजयचिन्ह म्हणून आली, असे सांगतात. 1739 मध्ये मराठ्यांच्या चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाही लूट झाली, तेव्हाही धर्माच्या छळाची तक्रार हे मोहिमेचे एक कारण होते. तहात मात्र शिबंदीला बाहेर पडू देण्याचे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळू देण्याचे कलम होते. वरची कसोटी लावली, तर कारण धर्माचे असूनही वसईची मोहीम गोव्याच्या 1510 च्या विजयाइतकी धर्मयुद्ध ठरत नाही.