आईची भजनाची वेळ

संध्याकाळी पाचच्या सुमारास विठ्ठलमंदिरात बायका जमू लागतात. पिशव्यांतून टाळ आणि अभंगांच्या वह्या निघतात. पेटीचा सूर लागेपर्यंत गुडघेदुखी, नातवाचा ताप, भाजीचे भाव सगळं बोलून होतं. एखादी दिसली नाही, तर लगेच विचारणा होते, ‘‘आक्का का नाही आल्या आज?’’ भजन आटोपल्यावर दोघीजणी वाट वाकडी करून तिच्या दारात हजर!

आपल्या नसण्याची अशी दखल घेणारं कुणी असणं हा म्हातारपणीचा मोठा आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून चाललेल्या अभ्यासात, पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होतं, ती माणसं ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालाने तर एकटेपणाचा संबंध दरवर्षी होणाऱ्या सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी जोडला आहे. हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, बागेतला कट्टा यांना ‘वेळ घालवणं’ म्हणू नये ते म्हणूनच. हळदीकुंकवाला जिला आजही अनेक घरांतून बोलावणं येत नाही, तिलाही भजनी मंडळात सगळ्यांच्या बरोबरीने टाळ मिळतो.

घरात मात्र हीच वेळ सगळ्यात आधी मोडली जाते. ‘‘आई, आज भजन राहू दे. मला मीटिंग आहे, बाळाकडे बघशील?’’ आई नाही म्हणत नाही. असं वरचेवर होत गेलं की ती जाणंच सोडते. कुणी तिला अडवलेलं नसतं, तरी तिचं जग उंबऱ्याच्या आत येतं.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७चा कायदा आहे. त्याने पोटगी मिळेल, सोबत मिळणार नाही. ती जपणं आपल्याच हातात आहे. आईच्या भजनाचे वार घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि आपली कामं त्याभोवती बसवा. पाय चालत नसतील तर रिक्षा ठरवून द्या. एकट्या पडलेल्या वडिलांना नुसतं ‘बाहेर पडा’ असं सांगू नका; पहिले काही दिवस संघात त्यांच्याबरोबर जाऊन बसा. मुलानातवंडांची माया हवीच, पण बरोबरीच्या माणसांची जागा ती भरून काढू शकत नाही. आईवडिलांना त्यांची माणसं मिळू देणं हीसुद्धा सेवाच आहे.